मागणी डावी, उजवी की स्वातंत्र्यवादी? गावातल्या प्रश्नांवरून ओळखण्याची रीत

माणसाचा पक्ष पाहून त्याची राजकीय भूमिका ठरवण्याची सवय विदर्भातील खेड्यांत सर्वत्र आहे, आणि बहुतेक वेळा ती चालूनही जाते. स्वातंत्र्यवादी, म्हणजे ज्याला इंग्रजी वळणाने लिबर्टेरियन म्हणतात त्या विचाराजवळ आल्यावर मात्र ती हमखास फसते. कापसाचा व्यापार खुला करा असे म्हणणारा कार्यकर्ता ऐकणाऱ्याला उजवा वाटतो. तोच भाकड बैल कत्तलीसाठी विकण्यावरची बंदी उठवा म्हणाला की डावा वाटू लागतो. आणि तणनाशक सहन करणारे कपाशीचे बियाणे पेरण्याची मोकळीक मागू लागला की दोन्ही बाजूंना परका होतो. प्रत्यक्षात त्याने तिन्ही वेळा एकच गोष्ट मागितलेली असते. वाचनालयात, अभ्यासमंडळात किंवा ग्रामसभेआधीच्या बैठकीत अशा मागण्यांवर नीट चर्चा घडवून आणू इच्छिणाऱ्यांसाठी पुढील रीत लिहिली आहे. पक्ष बाजूला ठेवून मागणी तपासावी, आणि तपासताना त्या मागणीत कोणाची कोणावर सक्ती आहे हे सर्वांत आधी शोधावे, एवढाच तिचा आधार आहे.

मागणी एका वाक्यात लिहावी

चर्चेला बसण्यापूर्वी मागणी फळ्यावर एका पूर्ण वाक्यात लिहून घ्यावी. ‘कास्तकाराला न्याय मिळावा’ हे वाक्य सभेत टाळ्या मिळवते, परंतु न्याय कोणी, कोणाला आणि कशाच्या रूपाने द्यावा हे त्यात नसल्यामुळे त्यावरून काहीही तपासता येत नाही. ‘कापूस राज्याबाहेर नेऊन विकणाऱ्या शेतकऱ्याला कोणी अडवू नये’ हे वाक्य मात्र तपासता येते. वाक्य तयार झाल्यावर त्याखाली तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: सध्या कोण कोणाला अडवत आहे, मागणी मान्य झाल्यावर कोण कोणाला अडवू शकेल, आणि या बदलाचा पैसा कोणाच्या खिशातून जाईल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लोक टाळतात. ते टाळू देऊ नये.

उत्तरे समोर आली की भूमिका वेगळ्या करता येतात. माणसाचा देह, त्याचे श्रम आणि त्याने रास्त मार्गाने मिळवलेली मालमत्ता यांवर त्याचाच अधिकार आहे, आणि दुसऱ्याने केलेला बळाचा वापर किंवा फसवणूक रोखण्यापलीकडे सरकारने सक्ती करू नये, ही स्वातंत्र्यवादी भूमिका होय. धर्म, कुटुंब, रूढी आणि राष्ट्र यांनी समाज टिकून राहतो, म्हणून त्यांच्या रक्षणासाठी कायद्याची सक्ती रास्त आहे, असे परंपरावादी मानतो. मालक आणि मजूर, सवर्ण आणि दलित, सावकार आणि कुळ यांच्यात आधीच असलेली विषमता ही सुद्धा सक्तीच आहे आणि ती मोडण्यासाठी सामूहिक सत्ता वापरावी लागते, असे डावा म्हणतो. या तीन व्याख्या ढोबळ आहेत, परंतु कामाला पुरतात.

सुरुवात कापसापासून करावी

पहिले उदाहरण असे घ्यावे की ज्यावर जमलेल्यांपैकी प्रत्येक जण स्वतःच्या अनुभवाने बोलू शकेल, आणि विदर्भात ते कापसाचेच असू शकते. महाराष्ट्र सरकारने १९७१ मध्ये कायदा करून १९७२ च्या हंगामापासून एकाधिकार कापूस खरेदी योजना आणली. राज्यात पिकलेला कापूस सरकारी व्यवस्थेतील सहकारी महासंघानेच घ्यायचा, खाजगी व्यापाऱ्याने घ्यायचा नाही आणि शेतकऱ्याने तो राज्याबाहेर न्यायचा नाही, असे तिचे स्वरूप होते. आदिलाबादकडे किंवा मध्य प्रदेशात चार पैसे जास्त मिळतात हे सीमेवरच्या गावांना दिसत होते, परंतु स्वतःच्या शेतातील कापूस तिकडे नेणारा शेतकरी कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरत होता. १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनातून पुढे आलेल्या शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेला विदर्भात जो प्रतिसाद मिळाला, त्यामागे हा अनुभव होता.

येथे एक भेद फळ्यावर ठळक लिहावा, कारण पुढील सगळी चर्चा त्याच्यावर उभी राहते. सरकारने स्वतः खरेदी करणे ही एक गोष्ट आहे आणि इतरांना खरेदी करू न देणे ही वेगळी गोष्ट आहे. व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकऱ्याला सोडवणारी हमीची व्यवस्था म्हणून डाव्यांनी या योजनेचे समर्थन केले, आणि ज्या वर्षी बाहेरचा भाव कोसळला त्या वर्षी खरेदी केंद्रासमोर लागलेल्या बैलगाड्यांच्या रांगा पाहता ते समर्थन पोकळ नव्हते. स्वातंत्र्यवाद्याचा मुख्य आक्षेप दुसऱ्या गोष्टीला, म्हणजे मनाईला आहे. पहिल्या गोष्टीलाही त्याचा आक्षेप असतो, पण तो करदात्याच्या पैशासंबंधी असतो आणि त्याची धार कमी असते.

हाच भेद आजच्या हमीभावाच्या मागणीला लावून पाहावा. भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाने अधिक केंद्रांवर खरेदी करावी, ही मागणी पहिल्या प्रकारात मोडते. हमीभावापेक्षा कमी दराने कोणीही खरेदी केल्यास तो गुन्हा ठरवावा, ही मागणी दुसऱ्या प्रकारात मोडते, कारण तीत ओलावलेला कापूस पडत्या भावात विकून आज पैसा उभा करू पाहणाऱ्या शेतकऱ्यालाही गिऱ्हाईक मिळणार नाही. २०२० च्या तीन कृषी कायद्यांच्या वेळी डाव्या किसान संघटना विरोधात आणि शेतकरी संघटनेच्या परंपरेतील लोक समर्थनार्थ उभे राहिले, याचे कारण या भेदात सापडते. ते कायदे २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये मागे घेण्यात आले.

उजव्यांशी मैत्री कोठून सुरू झाली हे सांगावे

स्वातंत्र्यवादी म्हणजे उजव्यांचाच एक प्रकार, असा समज का झाला, हे इतिहासाने चांगले समजते, आणि त्यातला एक धागा थेट नागपूरला येतो. जानेवारी १९५९ मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने सहकारी संयुक्त शेतीचा ठराव केला. शेतकऱ्याची जमीन हातची जाईल या भीतीतून त्याच वर्षी ‘स्वतंत्र पक्ष’ या नावाचा पक्ष निघाला. त्याच्या नेतृत्वाची बेरीज पाहण्यासारखी आहे: परवाना-परमिट राज्यावर उतारवयात सतत प्रहार करणारे राजगोपालाचारी, तरुणपणी काँग्रेस समाजवादी पक्षाच्या स्थापनेत असलेले मिनू मसानी, शेतकरी नेते एन. जी. रंगा, आणि त्यांच्या जोडीला राजस्थान-ओडिशातील माजी संस्थानिक. १९६७ मध्ये या पक्षाने लोकसभेच्या ४४ जागा जिंकल्या. या सर्वांना एकत्र ठेवणारी गोष्ट म्हणजे नियोजनाच्या सक्तीला विरोध. त्यापलीकडे त्यांचे फारसे जुळत नव्हते. राजगोपालाचारींनीच १९३७ मध्ये मद्रास प्रांताचे प्रमुख म्हणून सेलम जिल्ह्यात दारूबंदी लागू केली होती. कारखाना काढण्यास परवाना नको, पण दारू पिण्यास मनाई हवी, ही भूमिका परंपरावादी आहे. तिला स्वातंत्र्यवादी म्हणता येत नाही.

अमेरिकेतही हेच घडले. साम्यवादाच्या भीतीने १९५० च्या दशकात बाजारवादी आणि परंपरावादी एका मांडवाखाली आले, आणि १९६९ मध्ये सेंट लुईस येथील तरुणांच्या अधिवेशनात सक्तीच्या लष्करभरतीवरून त्यांच्यात जाहीर फूट पडली. १९७१ मध्ये लिबर्टेरियन पक्ष वेगळा निघाला. त्याआधीच, १९६० मध्ये, खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते अर्थतज्ज्ञ हायेक यांनी आपण परंपरावादी का नाही हे सविस्तर लिहिले होते. गावच्या चर्चेत यापेक्षा जास्त अमेरिका आणू नये. तिथले पक्ष इथल्या पक्षांवर चिकटवण्याचा मोह अनावर होतो आणि त्यातून गोंधळच वाढतो.

ही मैत्री कोठे तुटते हे दाखवायला दोन स्थानिक कायदे पुरेसे आहेत. महाराष्ट्रात गोहत्येवर १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. मार्च २०१५ पासून ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती बंदी कायम ठेवताना बाहेरून आणलेले गोमांस बाळगण्यावरचे कलम मात्र रद्द केले. डवरणीला न चालणारा बैल हे कोरडवाहू कास्तकाराचे अडचणीच्या वेळी मोडता येणारे भांडवल होते. बंदीने त्याची किंमत बाजारात पडली आणि चारापाण्याचा खर्च मात्र मालकाच्या दावणीलाच राहिला. परंपरावाद्याच्या दृष्टीने ही समाजाच्या श्रद्धेची किंमत आहे. स्वातंत्र्यवाद्याच्या दृष्टीने ती श्रद्धा ज्याची त्याने जपावी, गोशाळेला स्वखुशीने दान द्यावे, पण दुसऱ्याच्या मालमत्तेचा भाव कायद्याने पाडू नये. डावेही या बंदीच्या विरोधात आहेत, पण त्यांचे कारण अल्पसंख्याक आणि दलित यांचा आहार व रोजगार हे आहे. मागणी एक आणि कारणे दोन असली की तसे स्पष्ट लिहावे. कारण वेगळे असेल तर पुढच्या मागणीवर वाटा फुटतात.

दुसरा कायदा दारूबंदीचा. वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या वास्तव्याचा मान म्हणून, गडचिरोलीत १९९३ पासून लोकांच्या आंदोलनातून आणि चंद्रपुरात २०१५ ते २०२१ या काळात बंदी लागू झाली. येथे स्वातंत्र्यवाद्याने ‘ज्याचा देह त्याची मर्जी’ एवढे बोलून उठून जाऊ नये. बंदी मागणाऱ्या बायांचे गाऱ्हाणे नवऱ्याने मजुरीचा पैसा उडवण्याचे आणि मारहाणीचे होते, आणि मारहाण ही तर स्वातंत्र्यवादी व्याख्येनेसुद्धा सक्तीच आहे. त्याचे उत्तर बाईची मालमत्ता तिच्या हातात राहण्याकडे बोट दाखवते. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात शेतकऱ्यांना स्वखुशीने जमीन पत्नीच्या नावे करायला लावली, हे त्या उत्तराचे प्रत्यक्ष उदाहरण होय. त्याच शरद जोशींनी ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाविरुद्ध मत दिले. १८६ विरुद्ध १ अशा मतदानातील ते एक मत त्यांचे होते. या दोन कृतींत विसंगती आहे की सुसंगती, हा प्रश्न बैठकीत मुद्दाम विचारावा, आणि आधी बायांना बोलू द्यावे. तसेच ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या मतदानाचाही विचार करावा: गावातील स्त्री मतदारांच्या बहुमताने दुकान बंद झाले, तर मुंबईच्या सक्तीऐवजी गावाची सक्ती आली, पण सक्ती संपली काय?

डाव्यांकडे जाताना दोन रस्ते वेगळे धरावेत

डावे म्हणजे सरकार वाढवणारे, असे समजून चालणे ही या विषयातील सर्वांत महाग पडणारी घाई आहे. स्वतःला लिबर्टेरियन म्हणवून घेणाऱ्या आरंभीच्या लेखकांपैकी जोसेफ देजाक हा फ्रेंच अराजकवादी खाजगी मालमत्तेचा कट्टर विरोधक होता आणि १८५८ पासून न्यूयॉर्कमधून आपले नियतकालिक चालवत होता. उलट खुल्या व्यापाराचा कैवारी बास्तिया १८४८ नंतरच्या फ्रेंच सभागृहात डाव्या बाजूला बसत असे. म्हणून डाव्यांत सरकारच्या हातून समता आणू पाहणारे आणि सरकारशिवाय ती आणू पाहणारे असे दोन रस्ते धरावेत.

दुसऱ्या रस्त्याची उदाहरणे शोधायला विदर्भाबाहेर जावे लागत नाही. पवनारच्या आश्रमातून विनोबांनी शासनमुक्त समाजाचा विचार मांडला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा दिली आणि निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याचा नियम पाळला. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवून तो वन खात्याच्या ताब्यात ठेवला होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपज मानले. मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी गावाला झगडावे लागले आणि २०११ मध्ये तो परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. आपण तोडलेला माल स्वतः ठरवलेल्या भावाने हव्या त्या ग्राहकाला विकण्याचा हा हक्क आणि कापूस आदिलाबादला नेण्याचा हक्क यांत तत्त्वतः काय फरक आहे, असे विचारले की बैठकीतील डावे आणि बाजारवादी दोघेही थोडे अस्वस्थ होतात. ती अस्वस्थता उपयोगाची आहे.

फरक मालकीचा आहे. मेंढ्यात हक्क गावाचा आहे, आणि पुढे तर गावाने १९६४ च्या ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीनही ग्रामसभेकडे सोपवण्याचा निर्णय घेतला. स्वातंत्र्यवाद्याने यावर नाक मुरडण्याचे कारण नाही, कारण स्वखुशीने एकत्र केलेली मालमत्ता ही सुद्धा मालमत्ताच आहे. त्याने विचारायचा प्रश्न असा, की उद्या एखाद्या घराला यातून बाहेर पडायचे झाले तर ते पडू शकेल काय? माझ्या मते सामूहिक हक्काच्या कोणत्याही मागणीची खरी कसोटी याच प्रश्नात आहे, आणि डाव्यांनाही ती नाकारता येऊ नये.

डाव्यांचा स्वातंत्र्यवादावरील सर्वांत भक्कम आक्षेप आंबेडकरांनी नोंदवून ठेवला आहे, आणि तो टाळून केलेली चर्चा विदर्भात तरी अपुरी राहील. संविधानासाठी १९४७ मध्ये तयार केलेल्या निवेदनात त्यांनी म्हटले, की सरकारी नियंत्रणापासूनचे स्वातंत्र्य म्हणजे प्रत्यक्षात खाजगी मालकाची हुकूमशाही होय. शेती हा सरकारी उद्योग असावा असेही त्यांनी तेथे सुचवले. १९४८ मध्ये संविधान सभेत त्यांनी खेड्याच्या गौरवीकरणाची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या विहिरीवर येऊ दिले गेले नाही, त्याला अडवणारा हात सरकारचा नव्हता, गावाचा होता. मग फळ्यावरच्या पहिल्या प्रश्नाला, ‘सध्या कोण कोणाला अडवत आहे’, याला फक्त सरकारचे नाव लिहिणे प्रामाणिकपणाचे होत नाही. स्वातंत्र्यवाद्याकडे याचे अर्धे उत्तर आहे: बहिष्कार आणि मारहाण ही सक्ती आहे आणि ती रोखणे सरकारचे कर्तव्यच आहे. उरलेले अर्धे, म्हणजे ज्याच्या वाट्याला जमीनच आली नाही त्याला मालमत्तेच्या हक्काचा काय उपयोग, याला त्याच्याकडे सहज उत्तर नाही. नैसर्गिक साधनांवर सर्वांचा समान हक्क मानणारे डावे स्वातंत्र्यवादी त्यासाठी जमिनीच्या मूल्यावर कर सुचवतात. एकोणिसाव्या शतकात हेन्री जॉर्ज या अमेरिकी लेखकाने ही कल्पना लोकप्रिय केली. सातबाऱ्यावर नाव असलेल्यांच्या बैठकीत ही सूचना मांडून पाहावी.

नागरी स्वातंत्र्याच्या प्रश्नावर मात्र दोघे सहज एकत्र येतात. महाराष्ट्र विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजूर केलेल्या जनसुरक्षा विधेयकाला डाव्यांनी विरोध केला; संघटनेवर बंदी घालण्याचा व्यापक अधिकार प्रशासनाला देण्यास स्वातंत्र्यवाद्याचाही विरोधच असायला हवा, मग ती संघटना त्याला कितीही नावडती असो. गडचिरोलीत बंदुकीच्या दोन्ही टोकांमध्ये जगलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

चोरबीटीवर बाजू मोजाव्यात

तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीच्या बियाण्याला केंद्राची मान्यता नाही, तरी ते ‘चोरबीटी’ या नावाने सर्रास विकले जाते. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरून सविनय कायदेभंग केला. या प्रश्नावर स्वदेशीवादी उजवे आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांचे विरोधक डावे एका बाजूला आहेत. स्वातंत्र्यवादी एकटा आहे, आणि त्याच्या बाजूने निंदणाचा वाढलेला खर्च आहे. निंदणाची मजुरी हेच जिचे उत्पन्न आहे ती बाई या बैठकीत नसेल, तर तिला बोलावून मगच चर्चा करावी. शेजारच्या शेतात उडणारे तणनाशक ही शेजाऱ्याच्या मालमत्तेवरची चढाई ठरते काय, हाही प्रश्न स्वातंत्र्यवाद्याला त्याच्याच तत्त्वाने विचारावा.

सुसंगती तपासताना स्वतःपासून सुरुवात करावी

निर्यातबंदी नको म्हणणारा कास्तकार आयातीवर शुल्क हवे म्हणतो, तेव्हा तो स्वातंत्र्यवादी राहत नाही. तो आपल्या पिकाचा रक्षक असतो, आणि तसे असण्यात लाज नाही, फक्त ते मान्य करावे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क तात्पुरते उठवले, तेव्हा खुल्या बाजाराचे समर्थकही अडचणीत आले. त्यांच्यापैकी काहींचा युक्तिवाद असा असतो, की आधी शेतकऱ्याला नवे बियाणे, साठवणूक आणि निर्यात यांची मोकळीक द्या, मग आयात खुली करा; बेड्या घालून शर्यतीत उतरवू नका. हा क्रमाचा युक्तिवाद आहे आणि तो विचारात घेण्याजोगा आहे, पण ‘आधी’ ची मुदत विचारल्याशिवाय तो मान्य करू नये. कर्जमुक्तीचेही असेच आहे. सरकारने भाव पाडून नुकसान केले म्हणून ती भरपाई आहे, असे म्हटले तर मागणी स्वातंत्र्यवादी चौकटीत बसते. शेतकरी गरीब आहे म्हणून ती द्यावी, असे म्हटले तर ती डाव्या चौकटीत जाते. पहिला दावा करणाऱ्याने मग नुकसान कोणत्या वर्षी, कोणत्या निर्णयाने आणि किती झाले हे दाखवण्याची जबाबदारी घ्यावी लागते. स्वतंत्र विदर्भाची मागणी या चौकटीत फारशी बसत नाही. राजधानी जवळ आल्याने सरकार लहान होईलच असे नाही.

बैठकीच्या शेवटी हात वर करून मतदान घेऊ नये. प्रत्येक मागणीखाली कोण कोणत्या कारणाने पाठिंबा देतो आणि कोणत्या कारणाने विरोध करतो, एवढे वहीत लिहावे, आणि कारण सांगता न आलेला पाठिंबा वेगळ्या पानावर नोंदवावा. पुढील बैठकीसाठी एक मागणी अशी निवडावी, की जिच्यामुळे बैठक बोलावणाऱ्याचेच नुकसान होते.